सहलीच्या यादीतली सगळी नावं

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि 'माझं क्षेत्र आणि शाळेचे संस्कार' असा विषय सुचवला आहे. संगणकाबद्दल ऐकायला तुम्ही रविवारी इतक्या लांबून आलेला नाहीत, याची मला कल्पना आहे. म्हणून क्षेत्राचं थोडं आणि शाळेचं जास्त बोलते.

दुपारी जेवणानंतर आपली बैठक आहे. आपल्या तुकडीने जमवलेल्या निधीचं काय करायचं, हे तिथे ठरायचं आहे. प्रवेशद्वारावर कमान आणि नवा संगणक कक्ष अशा दोन सूचना आधीच आल्या आहेत. माझी तिसरी सूचना आहे. ती आत्ताच मांडते, कारण पुरणपोळीनंतर निम्मी सभा झोपेत असेल.

सूचना अशी की, आपल्या निधीतून शाळेने दरवर्षी पाचवी ते नववीच्या प्रत्येक वर्गाची एक निसर्गसहल काढावी. सहल जवळची असावी, एका दिवसाची असावी, आणि तिच्या यादीतून वर्गातलं एकही नाव गळू नये. या शेवटच्या अटीसाठीच मी उभी आहे.

गेले दोन महिने आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुने फोटो येत आहेत. त्यांत सगळ्यात जास्त फोटो सहलींचे. वेरूळ-अजिंठा, शिर्डी, आणि नववीतली नांदूर मध्यमेश्वरची. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, एसटीत शेवटच्या सीटवरून सुरू होणाऱ्या गाण्याच्या भेंड्या. नववीच्या फोटोतली डोकी मी सहज मोजली. अठ्ठेचाळीस भरली. आपला पट एकसष्टचा होता. उरलेल्या तेरा जणांपैकी ज्यांचे नंबर मिळाले, त्या नऊ जणांना मी फोन केला. त्यांच्या परवानगीने, पण नावं न घेता, त्यांनी काय सांगितलं ते ऐकवते.

तिघांच्या घरी सहलीच्या फीचे पैसे नव्हते. एकाच्या पायाला लहानपणीच्या पोलिओमुळे कॅलिपर होतं. एसटीची पहिली पायरीच त्याच्या कमरेपर्यंत यायची. दोघी द्राक्षाच्या हंगामात आईबरोबर कामाला जायच्या, आणि सहल नेमकी त्याच दिवसांत होती. एकीला पाळी आली होती आणि वाटेत संडास कुठे आहे, हे विचारायचं कुणाला? एकीच्या घरी मुलींना शाळेव्यतिरिक्त कुठेच पाठवत नसत. एकाला दमा होता.

त्यांतल्या एकाचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तो म्हणाला, "मला कुणी येऊ नको असं म्हटलं नव्हतं गं. पण ये असंही कुणी म्हटलं नव्हतं."

यातून मला कुणाचा दोष काढायचा नाही. तेव्हा सगळ्याच शाळांची पद्धत तशी होती. उलट याच फोनांमधून मला आणखी एक गोष्ट कळली. त्या सहलीत दोन मुलींची फी आपल्या वर्गशिक्षिका बाईंनी स्वतःच्या पर्समधून भरली होती आणि वर्गात कुणाला कळूही दिलं नव्हतं. बाई, तुम्ही समोर बसला आहात, म्हणून अधिक बोलत नाही. पण जे काम तुम्ही पर्समधून केलंत, ते शाळेची व्यवस्था म्हणून व्हावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता कुणी म्हणेल, सहल म्हणजे मजा. एखाद्याची मजा हुकली तर हुकली, त्यात एवढं काय? मुद्दा इथेच आहे. निसर्गसहल हा अभ्यास आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीने आणायला सांगितलं. २००३ मध्ये न्यायालयाने तो आदेश पुन्हा बजावला. आज आपल्या शाळांमध्ये तिसरीपासून 'परिसर अभ्यास' आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. म्हणजे वर्गाबाहेरचं शिकणं आता अभ्यासक्रमाचाच भाग आहे. गणिताच्या तासाला, 'तुझ्या पायाला कॅलिपर आहे, तू बाहेर बस' असं कोणतीही शाळा म्हणणार नाही. मग परिसराच्या तासाला तसं का चालावं?

कायदाही तेच सांगतो. अपंगांसाठीचा पहिला कायदा १९९५ चा. तो फेब्रुवारी १९९६ मध्ये लागू झाला, आपण दहावीच्या परीक्षेला बसलो त्याच्या जेमतेम महिनाभर आधी. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्यात ते एकवीस झाले. स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली, सिकलसेलसारखे रक्ताचे आजारही आले. त्याच कायद्याचं सोळावं कलम म्हणतं की शिक्षणसंस्थांनी अशा मुलांना शिक्षणाबरोबरच खेळ आणि करमणुकीच्या संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायच्या. त्यामुळे सहलीला नेणं हा आता दयेचा प्रश्न उरलेला नाही.

इथे माझ्या क्षेत्राचं थोडं सांगते. पुण्यात माझ्या टीममध्ये एक अंध सहकारी आहे. तो स्क्रीन रीडर वापरतो. पडद्यावर जे लिहिलेलं असतं, ते हा प्रोग्राम वाचून दाखवतो. त्यातला 'एनव्हीडीए' नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो आणि तो सुरू केला ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी, २००६ साली. आमचं एखादं ॲप तयार झालं की हा सहकारी ते ऐकून तपासतो. बटणांना नावं द्यायची राहिली असतील, तर त्याला फक्त ऐकू येतं, "बटण, बटण, बटण." कोणत्या बटणाने पैसे जातात आणि कोणत्या बटणाने व्यवहार रद्द होतो, हे त्याला कळायला मार्ग नसतो. ही नावं पहिल्या दिवशीच दिली तर मिनिटाचं काम असतं. सगळं बांधून झाल्यावर द्यायची म्हटली, तर आठवडे जातात आणि तरी काही ना काही सुटतंच.

सहलीचं तसंच आहे. ठिकाण ठरलं, गाडी ठरली, फी ठरली, आणि मग आदल्या दिवशी आठवलं की वर्गात चाकाच्या खुर्चीवर बसणारी एक मुलगी आहे, तर तिच्यासाठी एकच उत्तर उरतं, 'पुढच्या वर्षी बघू.' तेच नियोजनाच्या पहिल्या दिवशी पट समोर घेऊन बसलं आणि प्रत्येक नावापुढे 'याला किंवा हिला काय लागेल?' एवढा एकच प्रश्न लिहिला, तर बहुतेक उत्तरं स्वस्त निघतात.

आपल्याच नांदूर मध्यमेश्वरचं उदाहरण घेऊ. शाळेपासून तासाभराच्या आत आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला. मागे गाळ साचत गेला, त्यावर पाणवनस्पती वाढल्या, बेटं तयार झाली आणि पक्षी आले. २०२० च्या जानेवारीत हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतरची. रामसर हे इराणमधल्या गावाचं नाव. पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ मध्ये तिथे झाला. जगाच्या नकाशावरची ही जागा आपल्या दाराशी आहे, आणि आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांनी ती पाहिलेली नाही.

आता एकेक नाव घेऊ.

जिला चढता येत नाही, तिच्यासाठी निरीक्षण मनोऱ्याचा हट्ट सोडायचा. काठावरच्या सपाट, घट्ट जागेवरून दुर्बीण लावली तरी वारकरी, हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, चित्रबलाक दिसतात. दुर्बिणीची तिपाई खाली घेता येते. खुर्चीवर बसलेल्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीला ती आणायला अर्धं मिनिट लागतं. जिथे उंबरा किंवा पायरी आहे, तिथे फळीचा उतार ठेवायचा. उताराचं माप सोपं आहे, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आपल्यातल्या दोघांचा फॅब्रिकेशनचा धंदा आहे. घडीचा, उचलून नेता येईल असा उतार त्यांच्याकडे एका दिवसात होईल. तो सहलीनंतर शाळेच्या स्टेजलाही लावता येईल.

ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी पक्षीनिरीक्षण म्हणजे पक्षीश्रवण. आणि ते फक्त त्याच्यासाठी का ठेवायचं? सगळ्या वर्गाला पाच मिनिटं डोळे मिटून बसवायचं आणि ऐकू आलेल्या आवाजांचा नकाशा करायचा. कागदाच्या मधोमध स्वतः, आणि ज्या दिशेने जो आवाज आला, तिथे त्याची खूण. न दिसणाऱ्या मुलाने तोच नकाशा ताटलीत ओल्या मातीवर चिंचोके लावून करायचा. तांबट पक्ष्याची टुक टुक, भारद्वाजाचं घुमणं, टिटवीचा कलकलाट. माझा तो सहकारी आमच्या ऑफिसच्या आवारातले पक्षी आवाजावरून ओळखतो. आमच्यासारख्या डोळसांना तिथे फक्त कावळे आणि कबुतरं आहेत असं वाटायचं.

ज्याला ऐकू कमी येतं, त्याच्यासाठी शिक्षकांनी चालता चालता बोलायचं नाही. थांबायचं, मुलांकडे तोंड करायचं आणि ऊन आपल्या चेहऱ्यावर येईल असं उभं राहायचं, म्हणजे ओठ दिसतात. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

ज्या मुलाला अचानक झालेले बदल सोसत नाहीत, गर्दीचा आणि आवाजाचा त्रास होतो, त्याला आदल्या दिवशी सहलीचा क्रम चित्रांत दाखवायचा. आधी गाडी, मग पाणी, मग पक्षी, मग डबा, मग घर. आणि एक शांत कोपरा ठरवून ठेवायचा.

आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी तालुक्यांत सिकलसेल आढळतो. अशा मुलाचं पाणी कमी पडलं किंवा ते फार दमलं, तर त्याला असह्य वेदना सुरू होऊ शकतात. त्याच्यासाठी दर अर्ध्या तासाने सावलीत थांबायचं आणि सगळ्यांनीच पाणी प्यायचं. दम्याच्या मुलालाही तेच सोयीचं. सगळेच थांबले की कुणी एकटा मागे पडत नाही.

मुलींसाठी, संडास कुठे आहे आणि तिथे पाणी आहे का, हे शिक्षिकांनी आधी जाऊन पाहायचं. पॅडची पिशवी गाडीत ठेवायची आणि ती आहे, हे निघण्यापूर्वी सगळ्यांना मोकळेपणाने सांगायचं. संडास नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या मुली आजही आहेत. इथे बसलेल्या प्रत्येकीला ते माहीत आहे. आणि ज्यांच्या घरून परवानगी मिळत नाही, त्यांच्या आयांनाच सहलीला बोलवायचं. एक आई येऊन गेली की पुढच्या वर्षी तिच्या गल्लीतल्या चार मुली येतात.

राहिला पैशाचा प्रश्न. शैक्षणिक सहलीसाठी एसटी निम्म्या भाड्यात मिळते. उरलेला खर्च निधीतून करायचा आणि फी कुणाकडूनच घ्यायची नाही. 'गरीब विद्यार्थ्यांना माफ' असं म्हटलं की वर्गात हात वर करावा लागतो, आणि तो हात वर करण्यापेक्षा पोट दुखतंय म्हणणं मुलांना सोपं जातं. आणि तारीख ठरवताना द्राक्षाच्या काढणीचे दिवस टाळायचे. डिसेंबरच्या सुरुवातीला उत्तरेकडची थापट्या बदकं आणि चक्रवाक आलेले असतात आणि आपल्याकडच्या बहुतेक बागांची काढणी अजून लागायची असते.

आणखी एका गटाबद्दल बोलायचं आहे. पेठ, सुरगाण्याकडून द्राक्षबागांच्या कामाला येणाऱ्या कुटुंबांची काही मुलं आता आपल्या शाळेत आहेत. मागच्या महिन्यात शाळेत आले होते, तेव्हा सहावीच्या वर्गात त्यांच्यातल्या एका मुलाशी बोलले. परिसरावरच्या प्रश्नांत त्याला अगदी कमी गुण पडले होते, कारण पुस्तकातली मराठी त्याची घरची नाही. मी त्याला सहज विचारलं, पावसाळ्यात तुमच्याकडे रानात काय खायला मिळतं? त्याने बोटं मोजत सांगायला सुरुवात केली. टाकळा, कुर्डू, करटोली, आंबुशी. कोणती कोवळी असतानाच खायची, कोणत्या कंदाला आधी उकळून पाणी टाकायचं, कोणत्या उतारावर काय आधी उगवतं. दोन्ही हातांची बोटं संपली तरी त्याचं संपलं नव्हतं.

त्या वर्गात परिसराचा खरा जाणकार तोच आहे, आणि गुणपत्रिकेत शेवटून दुसरा. सगळ्यांना सामावून घ्यायचं म्हणजे फक्त उतार आणि फळ्या नव्हेत. ज्याला जे येतं, ते मोजलं जाईल अशी जागा करणं हेही त्यातच आलं. सहलीच्या दिवशी अर्धा तास त्याने शिकवायचं आणि बाकीच्यांनी, शिक्षकांसकट, वहीत लिहून घ्यायचं. त्याच्या भाषेतली नावं लिहायची, पुस्तकातली नावं शेजारी. मारुती चितमपल्लींनी जंगलातल्या माणसांकडून ऐकलेले शब्द आयुष्यभर वेचले. आपल्या शाळेने सहावीच्या एका मुलाकडून निदान वीस तरी वेचावेत.

ही सूचना मी काही जणांना फोनवर सांगितली, तेव्हा तीन आक्षेप आले. तिन्ही रास्त आहेत.

पहिला आक्षेप जबाबदारीचा. २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून सहल म्हटलं की शिक्षकांच्या पोटात गोळा येतो. परवानग्यांचे कागद वाढले आणि चूक झाली तर सगळं शिक्षकांवर येतं. हे खरं आहे. म्हणूनच सहल जवळची, एका दिवसाची, आणि पाण्यात कुणीही न उतरण्याची. आणि शिक्षकांच्या मदतीला आपण जायचं. दरवर्षी प्रत्येक वर्गासोबत आपल्या तुकडीतले सहा जण. आपल्यात दोन डॉक्टर आहेत, एक नर्स आहे, तीन जण स्वतः गाड्या चालवतात. पैसे देणं सोपं असतं. एक दिवस देणं अवघड. मी माझा दिवस दिलेला आहे.

दुसरा आक्षेप असा की, दोन-तीन मुलांसाठी साठ जणांच्या सहलीची मजा कमी करायची का? हरिश्चंद्रगड चढायचाच नाही का? जरूर चढावा. ज्यांना झेपतं आणि आवडतं, त्यांनी मोठ्या सुट्टीत जावं, मीही येईन. पण वर्गाची म्हणून जी सहल आहे, ती वर्गाची असावी. आणि मजा कमी होते असं मला वाटत नाही. डोळे मिटून ऐकणं, सावलीत थांबणं, आदल्या दिवशी क्रम माहीत असणं, बारा वर्षांच्या कोणत्याही मुलाला हे आवडेल. रस्त्याच्या पदपथाला चाकाच्या खुर्चीसाठी उतार करतात. त्यावरून सगळ्यात जास्त जातात त्या बाळाच्या गाड्या, चाकाच्या बॅगा आणि गुडघे दुखणारी माणसं. आपल्या वयाला हे वेगळं सांगायला नको.

तिसरा आक्षेप असा की, कमान दिसते, सहल दिसत नाही. देणगीदारांची नावं कुठे लावणार? याला माझ्याकडे उत्तर नाही. सहलीवर पाटी लावता येत नाही. पण कमानीखालून जी मुलं आत येतात, त्यांतली किती बाहेरच्या नदीपर्यंत पोचतात, हे आपल्याला दरवर्षी मोजता येईल. पट किती आणि सहलीला किती, एवढे दोन आकडे शाळेने आपल्याला कळवावेत. ते सारखे असले की आपले पैसे कारणी लागले असं समजू.

सुरुवात अगदी लहान करता येईल. या वर्षी फक्त सहावीचा वर्ग. त्याच पैशांतून शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत अडीच फूट उंचीचे परसबागेचे दोन वाफे बांधावेत, म्हणजे खुर्चीवर बसूनही मातीत हात घालता येईल. एक पर्जन्यमापक बसवावा, जो रोज एक मूल वाचेल, पटावरच्या क्रमाने, कुणालाही न वगळता. डिसेंबरमध्ये नांदूर मध्यमेश्वर. मार्चमध्ये काय जमलं, काय नाही, हे बघू आणि मग सातवीचं ठरवू. आमच्या धंद्यातही असंच करतात. आधी थोड्या लोकांना वापरायला देतात, त्यांचं ऐकतात, मग पुढे जातात.

ज्या नऊ जणांना मी फोन केला, त्यांतले पाच जण आज या सभागृहात आहेत. डिसेंबरच्या सहलीला मदतनीस म्हणून याल का, असं मी त्यांना विचारलं. चौघांनी लगेच हो म्हटलं. पाचवा म्हणाला, आधी बैठकीत काय ठरतं ते बघू, मग सांगतो. त्याचं बरोबर आहे. तेव्हा जेवण झालं की झोपू नका, बैठकीला या आणि हात वर करा. कमानीच्या बाजूने केलात तरी चालेल, पण विचार करून करा.